बिल पास झालंय, सही राहिली आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या वडिलांचा कुर्ल्याला छपाईचा गाळा आहे. मी जर्मनीत व्यवस्थापन शिकते आणि आठवड्यातले काही तास तिथल्या एका छोट्या कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. पहिल्याच महिन्यात ऑफिसचा दरवाजा दुरुस्त करून गेलेल्या सुताराचं बिल आलं. एकटा माणूस, हाताखाली कोणी नाही. बिलावर छापलेलं होतं : १४ दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. या सवलतीला तिथे ‘स्कोंटो’ म्हणतात. विभागातल्या बाईंनी दरवाजा उघडून-लावून पाहिला, बिलावर तारीख टाकली आणि बाराव्या दिवशी २ टक्के वजा करून पैसे त्याच्या खात्यात गेले. मधल्या काळात सुताराचा एकही फोन आला नाही.

मला बाबांची वही आठवली. पार्टीचं नाव, बिल नंबर, रक्कम आणि पुढे पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा. एक खोडून दुसरी, दुसरी खोडून तिसरी. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्याबरोबर एका मोठ्या पार्टीकडे वसुलीला गेले. गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून दीड तास बाकावर बसलो. आतून निरोप आला, ‘बिल पास झालंय, साहेबांची सही राहिली आहे, बुधवारी या.’ बाबा ‘बरं’ म्हणाले आणि खिशातली पेन्सिल काढली. बिल पाच महिन्यांपूर्वीचं होतं. त्यावरचा जीएसटी त्यांनी पुढच्याच महिन्याच्या २० तारखेला पदरचे पैसे घालून भरला होता. कामगारांचे पगारही कधी थांबले नाहीत.

उधारीला मी नावं ठेवत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या गाळ्यातल्या कागदाचा लगदा झाला. तेव्हा मी लहान होते, पण घरात आजही सांगतात : कागदाच्या व्यापाऱ्याने न मागता टेम्पोभर माल पाठवला, ‘जमेल तसे द्या’ म्हणाला. सही नाही, चेक नाही. बाबांनी आठ महिन्यांत पै न् पै फेडली. जर्मनीत अनोळखी नव्हे, ओळखीच्या माणसानेही इतकं केलं असतं असं मला वाटत नाही. पण त्या व्यापाऱ्याने आपणहून दिलं होतं. बाबांचे पाच महिने मात्र त्यांना न विचारता घेतले जातात.

कायदा आपल्याकडेही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बाबांची लहान उद्योग म्हणून सरकारकडे ‘उद्यम’ नोंदणी आहे. मी म्हटलं, थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारच्या ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करू. ते म्हणाले, “अगं, व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल.”

जर्मनीतही सगळेच वेळेवर देतात असं नाही. म्हणून तर तिथे व्यावसायिक बिल थकलं की तिथला मूळ व्याजदर अधिक ९ टक्के या दराने व्याज आणि वर ४० युरो मागता येतात. मी काम करते तिथे एकदा आमच्याकडूनच एक बिल राहून गेलं. समोरच्याचं स्मरणपत्र आलं, बाईंनी दिलगिरी कळवून त्याच दिवशी पैसे भरले. त्याला पुढचं कामही मिळालं.

मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांना माझी हात जोडून विनंती आहे : माल उतरवून घेताना चलनावर शिक्का मारता, तिथेच पैसे कोणत्या तारखेला देणार ते लिहा आणि त्या तारखेला द्या. बोलावून ताटकळत ठेवू नका.

त्या बुधवारी माझं परतीचं विमान होतं. विमानतळावरून बाबांना फोन केला, तेव्हा ते त्याच बाकावर बसले होते.

– एक विद्यार्थिनी, कुर्ला (मुंबई)