आणखी एक वर्ष कशाला?

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, परवा तू विचारलंस, "एमएस झालं, मोतीबिंदूची ऑपरेशनं येतात, मग काचबिंदू शिकायला आणखी एक वर्ष कशाला?" फोनवर धड सांगता आलं नाही.

मोतीबिंदूचा पेशंट पट्टी काढली की हसतो. काचबिंदूचा हसत नाही. त्यात डोळ्याची नस हळूहळू मरत जाते, बहुतेकदा डोळ्यातल्या पाण्याच्या दाबाने. या नसेत १० लाखांच्या आसपास तंतू असतात, त्यातला गेलेला परत येत नाही. आमचं ऑपरेशन उरलेले टिकवण्यासाठी. गेल्या आठवड्यात एक आजोबा चिडून म्हणाले, "पूर्वीइतकंच दिसतंय!" सर मागे उभे राहून खुश.

ते ऑपरेशन, ट्रॅबेक्युलेक्टॉमी, १९६८ पासूनचं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात छोटी झडप कापून आतल्या पाण्याला वाट करून द्यायची. गंमत म्हणजे बाकीचे सर्जन जखम भरावी म्हणून धडपडतात, आणि आम्ही ती पुरती भरू नये म्हणून औषध लावतो. धागा केसाहून बारीक. टाका आवळला गेला तर दाब उतरत नाही, सैल राहिला तर डोळा मऊ पडतो. माझे पहिले दोन टाके सरांनी न बोलता कापले आणि सुई पुन्हा माझ्याच हातात दिली.

पण खरं शिक्षण ओपीडीतच. निळ्या उजेडात दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, चाक फिरवत त्यांच्या आतल्या कडा जुळवायच्या, की दाब कळला. पेशंटने श्वास रोखला तरी आकडा चढतो. २१ पर्यंत नॉर्मल हे आपण पाठ केलेलं, आणि इथे १६ दाब असून नस पोखरलेली माणसं समोर बसतात. म्हणून आकड्याआधी नस बघायची, हे डोक्यात बसायला मला तीन महिने लागले.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मलाच फील्डच्या, म्हणजे कडेची नजर तपासायच्या यंत्रापुढे बसवलं. समोर टक लावायची आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. पाच मिनिटांत नसलेले ठिपके दिसायला लागले! तेव्हापासून "नीट लक्ष द्या हो" असं पेशंटला म्हणायचं सोडलं.

आजीची आठवण तिथेच आली. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि आपण म्हणायचो, आजी धांदरट आहे. कडेचं दिसणं कमी झालं तरी मेंदू ती जागा भरून काढतो, माणसाला पत्ताच लागत नाही. काचबिंदू असताना मोतीबिंदू पिकायची वाट बघण्यात तिची दोन वर्षं गेली.

बाबा, तुम्ही तिचे मुलगे, म्हणजे धोका तुम्हाला आणि काकांना इतरांपेक्षा जास्त. चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. दाब, नस आणि भिंगातून कोन (डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं ती जागा), तिन्ही बघायला सांगा. आणि दम्याचा पंप घेता हे आठवणीने सांगा, काचबिंदूचे काही थेंब दम्याला चालत नाहीत. आई, तू बरोबर जा, ते सांगणार नाहीत.

तुमची,
चिमी