चाळीस जर्नलांत एकच आयपी ॲड्रेस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षणाच्या पानावर क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे संगणक) शिका, डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर बनवणं आणि चालवणं एकत्र सांभाळायची पद्धत) शिका असे लेख आणि जाहिराती आलटून पालटून येत असतात. लॅबच्या किल्ल्या ज्याच्या खिशात असतात, त्याच्या बाजूनेही थोडं लिहावं म्हणून हे पत्र. मिरजेजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी 2006 पासून प्रयोगशाळा सहायक आहे.

गेल्या टर्मला सबमिशनच्या आदल्या दिवशी क्लाउड कॉम्प्युटिंगच्या जर्नलांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडला होता. सहज चाळला. ‘व्हर्च्युअल मशीन तयार करणे’, म्हणजे क्लाउडवर भाड्याचा संगणक उभा करणे, हे प्रात्यक्षिक प्रत्येकात, खाली रंगीत स्क्रीनशॉट, आणि चाळीसही जर्नलांत सर्व्हरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, एकच! एकाने मशीन उभं केलं, बाकी एकोणचाळीस जणांनी प्रिंट काढली. सह्या सगळ्यांना मिळाल्या. मी पोरांना फार दोष देणार नाही. क्लाउड कंपनीकडे खातं उघडायला बँकेचं कार्ड लागतं. ते वडिलांचं. वडील द्राक्षबागेच्या औषधांची उधारी फेडताहेत, आणि ‘बहुतेक बिल येणार नाही’ एवढ्याच भरवशावर त्यांच्याकडे कार्ड मागायचं. कोण मागेल?

‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड’, म्हणजे सर्व्हर-नेटवर्क हाताने न मांडता फाईलमध्ये लिहून उभं करणं, हे नाव मला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतणीकडून कळलं. अर्थ समजायला वेळ लागला नाही, कारण त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडे कित्येक वर्षं आहे. एक फुलस्केप वही. लॅबमध्ये साठ मशिन्स, आणि दर टर्मला काहीतरी नवं बसवायचं. आधी टर्बो सी, मग जावा, मायएसक्यूएल, आता पायथन. कुठलं आधी टाकायचं, पाथ काय द्यायचा, सगळं वहीत. तरी सदतिसाव्या मशीनवर एखादी पायरी गळतेच, कारण तोवर चहाची वेळ झालेली असते. टेराफॉर्म नावाच्या त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही वही मशीनच वाचतं. पण वहीत मी ‘कसं करायचं’ ते लिहितो, तिथे ‘काय हवं’ तेवढंच लिहायचं. माझ्या वहीतल्या पायऱ्या चुकून दोनदा केल्या की गोंधळ. ती फाईल दोनदा चालवली, तर आहे ते तपासते, बदल काही नाही म्हणते आणि गप्प बसते. ‘प्लॅन’ दिलं की काय होणार ते आधी दाखवते, ‘अप्लाय’ दिलं की करते, ‘डिस्ट्रॉय’ दिलं की केलेलं सगळं काढून टाकते. घातलेला पसारा आवरणारी वही मी तोवर पाहिली नव्हती.

आता माझी फजिती. टेराफॉर्मच्या फायली पेन ड्राइव्हवर होत्या, त्या लॅबच्या मशीनवर डेस्कटॉपवर घेतल्या आणि अप्लाय दिलं. क्लाउडवर एक छोटा सर्व्हर, त्याचं नेटवर्क आणि एक नॅट गेटवे, म्हणजे आतल्या नेटवर्कमधून इंटरनेटवर बाहेर पडायचं दार. सगळं उभं राहिलं, मी खूष. तेवढ्यात वीज गेली. परत आल्यावर पेन ड्राइव्हवरून फायली पुन्हा घेतल्या आणि शहाण्यासारखं डिस्ट्रॉय दिलं. ‘डिस्ट्रॉय कम्प्लीट’ असं हिरव्या अक्षरांत आलं. त्याच ओळीत पुढे शून्य गोष्टी काढल्या असं लिहिलं होतं, ते मी वाचलंच नाही. कुलूप लावून घरी गेलो.

तेवीस दिवसांनी बिल आलं, तीन हजारांच्या वर. सर्व्हर मोफत मर्यादेत बसत होता, पण नॅट गेटवे तासावर पैसे घेतो, त्यातून काही जाओ न जाओ. पुतणीला फोन केला.

“काका, स्टेट फाईल कुठे होती?”

“डेस्कटॉपवर.”

“आणि ते मशीन?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरं मशीन बिघडवतात म्हणून रीस्टार्ट झालं की सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर साठही मशिन्सवर मीच बसवलेलं आहे. टेराफॉर्म काय काय उभं केलं त्याची नोंद स्टेट फाईलमध्ये ठेवतं, आणि ती फाईल माझ्याच सॉफ्टवेअरने पुसली होती. नोंदच नाही, तर काढणार काय? पोरगी पोट धरून हसली. मग तिनेच शिकवलं, की ही नोंद स्वतःच्या मशीनवर ठेवायचीच नाही, क्लाउडवरच्या साठवणीत ठेवायची आणि एका वेळी दोघांनी हात घालू नये म्हणून तिला कुलूप लावायचं. हा धडा आमच्या एकाही जर्नलमध्ये नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत स्क्रीनशॉट बघूच नयेत. परीक्षकासमोर मुलाने डिस्ट्रॉय द्यावं, सगळं गेलं हे दाखवावं, आणि त्याच फाईलवरून पुन्हा अप्लाय द्यावं. स्टेट फाईल कुठे आहे, एवढा एक प्रश्न ओरलला विचारावा. ज्याने प्रिंट काढली आहे तो तिथेच अडकेल.

यासाठी कार्ड लागत नाही. डॉकर म्हणजे आपल्याच संगणकात कंटेनर, म्हणजे छोटे बंदिस्त डबे, चालवणारं सॉफ्टवेअर, आणि टेराफॉर्मला त्याच्याशी जोडणारा प्रोव्हायडर आहे. लॅबमधल्या साध्या उबंटू (लिनक्स) मशीनवर इनिट (सुरुवातीची तयारी) आणि तेच प्लॅन, अप्लाय करून सर्व्हरऐवजी कंटेनर उभा करता येतो. लॅपटॉप अगदीच अशक्त असेल तर गुगलच्या क्लाउड शेलमध्ये टेराफॉर्म आयतं मिळतं, आठवड्याला 50 तास, 5 जीबी जागा, ब्राउझरमध्येच. गिटहब कोडस्पेसेस ही तशीच ब्राउझरमधली सोय वैयक्तिक खात्याला महिन्याला 120 कोअर-तास (प्रोसेसरचे कोअर गुणिले तास) मोफत देते, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर 60 तास. तिथे डेव्हकंटेनर नावाची छोटी फाईल लिहिली की प्रत्येक मुलाला हुबेहूब तेच वातावरण मिळतं. माझ्या फुलस्केप वहीची निम्मी पानं त्या फाईलने रिकामी केली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं.

‘टेराफॉर्मचा परवाना 2023 मध्ये बदलला, मग शिकवायचं कशाला’ असं एका प्राध्यापकांनी मला ऐकवलं. त्यातूनच ओपनटोफू ही टेराफॉर्मची मुक्त-स्रोत आवृत्ती निघाली, ती लिनक्स फाउंडेशनकडे आहे, आणि आमच्या प्रात्यक्षिकापुरत्या आज्ञा त्याच आहेत. तेव्हा ती सबब राहत नाही.

वेळ पुरत नाही, ही दुसरी सबब. इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, आधी उतरवून ठेवली तर कंटेनर काही सेकंदांत उभा राहतो. जर्नलची पानं उलटायलाही तेवढा वेळ लागतोच.

आपला,
एक प्रयोगशाळा सहायक, मिरज

ता. क. नाव छापू नये ही विनंती. त्या चाळीस जर्नलांवर सह्या करणारे सर रोज माझ्या शेजारी बसून डबा खातात.