कॉलेजच्या जिमखान्याचं काम बघणाऱ्या मामांना

प्रिय मामा,
सप्रेम नमस्कार.

यंदा आपला मुलींचा फुटबॉल संघ एकही मॅच जिंकला नाही. किती गोल खाल्ले ते गोलकीपर म्हणून मला तोंडपाठ आहे. पण आपण एकदाही वॉकओव्हर दिला नाही, म्हणजे न खेळता मॅच सोडली नाही, आणि ते तुमच्यामुळे. हे सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

संघ हरायला लागला की आधी प्रॅक्टिसची हजेरी गळते. कुणाला क्लास आठवतो, कुणाच्या घरचे म्हणतात, हरताच आहात तर कशाला चिखलात लोळता? तुम्ही घरोघरी फोन केलेत. ‘अंधार पडला तर मी स्वतः नेरूळ स्टेशनवर लेडीज डब्यात बसवून देतो,’ असा शब्द दिलात आणि पाळलात. माझी आई त्या एका शब्दावर तयार झाली.

आणि तो पावसाचा दिवस! कुर्ला-चुनाभट्टीला रुळांवर पाणी, हार्बर लोकल ठप्प, निम्म्या मुली मानखुर्दला अडकलेल्या. मैदानावर पोचलो आम्ही सात जणी, समोर पूर्ण अकरा. सोडून देऊया, असं आमच्यातलीच एक म्हणाली. तुम्ही म्हणालात, ‘नियमात सात चालतात. बूट बांधा.’ दुसऱ्या हाफमध्ये आमच्या डिफेंडरच्या पोटरीत गोळा आला. ती बाहेर गेली असती तर सहाच उरलो असतो आणि मॅच तिथेच थांबली असती. रेफरीने हात केल्यावर तुम्ही आत आलात, तिचा गुडघा सरळ धरलात आणि पायाचा चवडा हळूहळू नडगीकडे दाबत राहिलात. ती उठली. ०-६ ने हरलो, पण शेवटच्या शिट्टीपर्यंत सातही जणी मैदानात होतो.

२०२२ मध्ये आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. ती बघून मी फुटबॉलकडे वळले. असं मैदान तयार ठेवायला किती हात राबत असतील, ते तुम्हाला बघून कळलं. पावसाने रेषा धुऊन नेल्या की पुन्हा फक्की मारणं, ओल्या बुटांत रद्दीचे बोळे कोंबणं, व्हॉल्व्ह फाटू नये म्हणून पंपाची सुई आधी पाण्यात बुडवणं. यातलं काहीच तुमच्या ड्युटीत लिहिलेलं नव्हतं. सूचना फलकावर फक्त जिंकलेल्या संघांचे फोटो लागतात, ते मला पटत नाही. तुमचा फोटो तिथे लागायला हवा.

माझं तिसरं वर्ष (टीवाय) संपतंय, पण मी येत राहणार आहे. शनिवारी नव्या मुलींची निवड आहे ना? तुमचा गुडघा दुखतोय, तेव्हा दोरी तुम्ही धरा, वाकून फक्की मी मारते.

तुमची,
गोलकीपर