काड्या जाळता कशाला, कुट्टी करा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

द्राक्षाची एप्रिल छाटणी सुरू झाली की निफाड, पिंपळगाव, दिंडोरी कुठल्याही रस्त्याने संध्याकाळी गाडीवर निघा, बांधाबांधावर धूर दिसतो. बागेतल्या छाटलेल्या काड्या ओढून ढीग लावायचा आणि आगपेटीची काडी ओढायची. आणि हेच आम्ही बागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर शेणखताच्या ट्रॉल्यांसाठी फोन फिरवत बसतो, भाव काय, ट्रॉली भरून देणार का, त्यात माती किती. म्हणजे घरचं जाळायचं आणि बाहेरचं विकत आणायचं, हा कुठला हिशोब ते मला कोणी समजावून सांगा.

याच काड्यांचं गांडूळ खत होतं. त्याबद्दल पेपरात, मोबाईलवर इतकं येतं की आता कोणाला नवीन राहिलेलं नाही. तरी गावात फिरून बघा, योजनेतून आलेले ते १२ बाय ४ फुटाचे प्लास्टिकचे बेड किती जणांकडे चालू आहेत? कुणी त्यात पाणी साठवतंय, कुणी कडबा झाकलाय त्याने. कारण बेड दिला पण उन्हाळ्यात ते चालवायचं कसं ते कोणी शेतात उभं राहून दाखवलं नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ३८-४० ला जातो आणि गांडुळाला ३५ च्या वर सोसत नाही, २० ते ३० मध्ये ते खुश असतं. ऐन उन्हात गांडूळं सोडली, आठ दिवसांत मेली, मग माणूस म्हणतो आपल्याकडे जमत नाही हे.

खरं तर आपल्या बागेचं वेळापत्रक याला एकदम जुळतं. एप्रिलच्या काड्या लगेच कुट्टी करायच्या, अख्खी काडी गांडूळ खात नाही, लाकूड आहे ते, वर्षभर तशीच पडून राहील. कुट्टी आणि शेण थरावर थर द्यायचे, शेणकाला ओतायचा आणि सावलीत झाकून ठेवायचं. ढीग आतून तापतो, हात घालवत नाही इतका, ते चांगलंच आहे, पण तो तापलेला असताना गांडूळ सोडायचं नाही. अधूनमधून पलटी मारायची, पाणी मारायचं. मृग लागेपर्यंत ढीग थंड होऊन काळपट आणि मऊ झाला की मग बेडमध्ये भरून गांडूळं सोडा. तिथून पुढे दोन-अडीच महिने. गणपतीच्या आसपास खत हातात येतं आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी बोदात, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यात, घालायला बरोबर वेळेवर मिळतं. शेणखताच्या ट्रॉलीची वाट बघायला नको.

ओल किती ठेवायची हे सगळे विचारतात. मूठभर माल हातात घेऊन दाबा, गोळा टिकला पाहिजे पण बोटांतून पाणी गळायला नको, एवढं पुरे. वर ओलं गोणपाट. मुंग्या आणि कोंबड्या एवढे दोन शत्रू सांभाळा.

आता द्राक्षवाल्यांसाठी एक गोष्ट, जी नेहमीच्या माहितीपत्रकात नसते. आपण डाउनी रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतो, त्यातलं मोरचूद म्हणजे तांबं, ते कुजून जात नाही, पाल्यावर, सालीवर राहतं आणि मातीतही साठत जातं. जास्त तांबं गांडुळाला मारतं. म्हणून नुसत्या बागेच्या पाल्याकाडीवर बेड भरू नका, निम्म्याच्या वर शेण असू द्या, आणि सगळी गांडूळं एकदम ओतण्याआधी एका कोपऱ्यात ओंजळभर सोडून बघा. सकाळपर्यंत आत शिरली तर ठीक, कडेला गोळा झाली किंवा बाहेर पळत असली तर तो माल अजून तयार नाही.

आणि शेतातली गांडूळं खणून बेडमध्ये टाकतात काही जण, त्याचा उपयोग होत नाही. ती जमिनीत खोल राहणारी जात, माती खाणारी. खतासाठी वरच्या थरात राहून शेणकचरा खाणारी लागतात, आयसेनिया म्हणतात ती लालसर.

फायद्याचं पण खरं बोलावं. काही विक्रेते सांगतात की हे टाका आणि रासायनिक बंद करा. सरकारी मानकात गांडूळ खताला नत्र किमान १ टक्का धरलाय. म्हणजे दोन टन टाकलं तर साधारण २० किलो नत्र, ते तर युरियाच्या एका गोणीत येतं. मग मेहनत कशाला? नत्रासाठी नाहीच ती. ड्रीपच्या खाली बोद उकरून बघा, जिथे दरवर्षी हे खत पडतं तिथली माती भुसभुशीत लागते, पाणी धरते आणि पांढरी मुळी जाळं करते. पांढरी मुळी चालली तर बाकीचं खतही लागू पडतं, आपल्या चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच, तिथे फेरस (लोह) द्या नाहीतर अजून काही द्या, पानं पिवळी ती पिवळी. पण एका वर्षात चमत्कार मागू नका, एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात नऊशे टनांच्या आसपास माती असते, त्यात आपले दोन टन म्हणजे किती! सेंद्रिय कर्ब वाढायला वर्षं लागतात, माती परीक्षण करून घेत राहा म्हणजे समजेल.

माझी मागणी साधी आहे. बेड वाटणं पुरे झालं, आता गावाला एक चांगला श्रेडर, म्हणजे काड्यांची कुट्टी करणारं यंत्र द्या, ट्रॅक्टरवर चालणारं. एकट्या दोन-तीन एकरवाल्याला तो परवडत नाही आणि वर्षात दोनदाच लागतो. सोसायटीने भाड्याने फिरवावा, छाटणीचा नंबर लागतो तसा त्याचाही नंबर लागेल. नाहीतर मजूर परत गेले की काड्या उचलायची घाई असते, आणि घाईत माणूस काडीच ओढणार, त्याला दोष देऊन काय होणार.

गांडूळं विकत आणायच्या भानगडीत मात्र पडू नका. ज्याचा बेड चालू आहे त्याच्याकडून पाटीभर शेणासकट मागून घ्या, महिना-दोन महिन्यांत वाढतात, आणि आपल्याकडे तेवढ्यासाठी सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका, जि. नाशिक