मन लागत नाही म्हणणाऱ्या मुलांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचा रिझल्ट लागला की आपल्या पेपरात टॉपर्सचे फोटो येतात, बघून बरं वाटतं, मुलांनी मेहनत घेतलेली असते. पण मी डिचोलीला बरीच वर्षं घरी ट्यूशन घेते आणि मला त्या दुसऱ्या मुलांबद्दल लिहायचंय, ज्यांच्यासमोर पुस्तक उघडं असतं पण तासभर पान काही उलटत नाही. ती आळशी नसतात हो. कुणाच्या घरचं माणूस गेलेलं असतं, कुणाचा एक सब्जेक्ट राहिलेला असतो, कुणाला तर कारणच सांगता येत नाही, नुसतं "टीचर, मन लागत नाही" एवढंच.

मग घरचे म्हणतात, मनात आणलंस तर करशील, तुला इच्छाच नाही. म्हणजे इच्छा आधी नि अभ्यास मागाहून असं आपण सगळे धरून चाललोय. मन खचलेलं असताना हे उलट्या क्रमाने चालतं असं माझं ठाम मत झालंय. आधी हाताने काहीतरी करायचं, अगदी थोडंसं, इच्छा मागून येते, कधी खूप उशिरा येते. तिची वाट बघत बसलं तर दिवस जातात, दिवस गेले म्हणून आणखी वाईट वाटतं, मग पुस्तक बघूनच पोटात गोळा येतो, ते बाजूला ठेवलं की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं होतं आणि मग टाळायचीच सवय लागते.

हे मी मनचं सांगत नाही. आपल्या गोव्यातच यावर मोठं काम झालंय आणि आपल्यालाच ते फारसं ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. 'संगाथ' या संस्थेच्या लोकांनी इथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या पेशंटांबरोबर काम केलं, आणि बोलायला बसणारी माणसं डॉक्टर नव्हती, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका. मूड नसला तरी रोजच्या आयुष्यातली छोटी छोटी कामं पुन्हा कशी सुरू करायची, काय टाळतोय, का टाळतोय, हे बसून ठरवायचं आणि पुढच्या वेळी काय जमलं ते सांगायचं. तीन महिन्यांनी बघितलं तर शंभरातले ६४ जण त्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हाच आकडा ३९ होता. लॅन्सेटसारख्या डॉक्टरी नियतकालिकात हे छापून आलंय. ते पेशंट मोठे होते, शाळेतली मुलं नव्हेत, हे मान्य, पण आधी कृती मग मन ही गोष्ट मला माझ्या ओसरीवर रोज दिसते.

बारावी कॉमर्सचा एक मुलगा यायचा, वडील गेल्यावर त्याने अकाऊंट्सची वही उघडणंच सोडलं. त्याला म्हटलं आज गणित सोडवू नको, फक्त जर्नलच्या, म्हणजे व्यवहार नोंदवायच्या पानाच्या, रेघा मार. तारीख, तपशील, डेबिट, क्रेडिट, पट्टी धरून चार पानं आखून ठेव आणि घरी जा. त्याने आखली. दुसऱ्या दिवशी परत तेच, मग एका दिवशी स्वतःच एक एंट्री केली, ती चुकली, मी काही बोलले नाही. आताही काही दिवस तो नुसत्या रेघा मारून जातो, मला चालतं, कारण तो येऊन बसतो आणि आजूबाजूला चार जणं लिहीत असतात. एकट्याने खोलीचं दार लावून बसण्यापेक्षा हे खूप बरं. म्हणून म्हणते की गावोगावची वाचनालयं संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवावीत, पणजीला पाटोवर १८३२ पासूनचा वारसा असलेली एवढी मोठी सेंट्रल लायब्ररी आहे पण लांबच्या सत्तरीच्या किंवा काणकोणच्या पोराने रोज तिथे कसं यायचं?

मुलांना मी कधीकधी बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं सांगते. १८७६ साली सांखवाळला जन्म, शाळा अर्धवट, माडांच्या बागायतीत लक्ष घालायचं, तब्येत नाजूक आणि मनाची सतत घालमेल. १८९९ मध्ये बाहेर पडले, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, श्रीलंकेत पाली शिकले, पुढे हार्वर्डपर्यंत पोचले. घरी बायको नि लहान मुलगी मागे राहिली हेही मी सांगते, ते झाकून ठेवणं मला पटत नाही. पण प्रसन्न मन घेऊन ते शिकायला निघाले नव्हते एवढं मुलांना कळायला हवं.

आणि हे सगळं कधी पुरत नाही तेही आईबापांनी ओळखावं. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, किंवा जगून काय करू असं मूल बोललं तर तिथे रेघा मारून भागणार नाही, डॉक्टर लागतो. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायला लोक अजून लाजतात, कोण बघेल म्हणून. निदान फोन तरी करा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

संपादकसाहेब, तुमच्याकडे एकच विनंती, पुढच्या रिझल्टला टॉपर्सचे फोटो छापाल त्याच पानावर हा नंबर ठळक छापा, आत कुठेतरी नको, त्याच पानावर, कारण नापास झालेलं मूलही त्या दिवशी तेच पान बघतं.

आपली,
ट्यूशन घेणारी एक वाचक, डिचोली