नाशिकमध्ये 22.4 भरणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीतला अकरावीचा मुलगा गेल्या आठवड्यात रसायनशास्त्राची वही घेऊन माझ्याकडे आला. मॅग्नेशियमच्या फितीचा 0.024 ग्रॅमचा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा आणि निघणारा हायड्रोजन पाण्यात उपड्या धरलेल्या मोजनळीत गोळा करायचा, हा प्रयोग त्यांनी कॉलेजात केला होता. 24 ग्रॅम मॅग्नेशियमपासून एक मोल (रेणूंची ठरावीक संख्या) हायड्रोजन, म्हणजे 22.4 लिटर, म्हणून 0.024 ग्रॅमपासून 22.4 मिलिलिटर, हे त्याला तोंडपाठ. नळीत मात्र 26.5 भरले. यील्ड, म्हणजे अपेक्षेच्या किती टक्के मिळाले ते, निघाले 118 टक्के! "असे होऊच शकत नाही, 22 लिहा," असे त्याला सांगण्यात आले. वहीत 26.5 खोडल्याची खूण अजून दिसत होती. त्यावर 22, शेजारी 98 टक्के आणि खाली लाल पेनाची सही.

मला फार वाईट वाटले, कारण त्याचे मोजनळीवरचे वाचन बरोबर होते.

22.4 हा आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि पाऱ्याच्या 760 मिलिमीटर दाबाचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचावर. इथे हवेचा दाब 710च्या आसपास असतो. प्रयोगशाळेत त्या दिवशी 25 अंश तापमान होते. शिवाय पाण्यावर गोळा केलेल्या वायूत पाण्याची वाफ मिसळलेली असते, तिचे 24 मिलिमीटर वजा करावे लागतात. रेणू तेवढेच, पण उबेने ते जास्त वेगाने धावतात आणि बाहेरची हवा त्यांना कमी दाबते, म्हणून जागा जास्त घेतात. आम्ही दोघांनी बसून 26.5 ला 686 (710 वजा 24) भागिले 760 ने आणि मग 273 भागिले 298 ने (शून्य आणि 25 अंश, केल्विनमध्ये) गुणले. आले 21.9, म्हणजे 98 टक्के. खोटे वाचन लिहून जे उत्तर 'बसवले', तेच खऱ्या वाचनातून निघत होते. मुलगा कितीतरी वेळ त्या खोडलेल्या जागेकडे बघत बसला.

मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवला. त्या सरांना दोष देत नाही. निदान त्यांनी प्रयोग तरी घेतला. बारावीला प्रात्यक्षिकाचे 30 गुण असतात, पण सीईटीत प्रयोगाला जागा नाही, म्हणून क्लासवाले आणि पालकही तिकडे वेळ घालवू देत नाहीत. मुले यील्डची गणिते मिनिटात सोडवतात, पण ताजव्यावर ग्रॅमभर काही तोललेले नसते. उद्या हीच मुले सातपूर-अंबडला औषधांच्या कारखान्यात लागतील. तिथे यील्ड 100च्या वर गेले की आकडा खोडत नाहीत; माल ओला राहिला का, वजनात चूक झाली का, हे शोधतात.

खर्चाची सबब इथे चालणार नाही. मीटरभर फीत एकदा तोलली की लांबीवरून तुकड्याचे वजन निघते, आणि दाबाचा आकडा मोबाइलवरही मिळतो. फक्त समुद्रसपाटीचा म्हणून दिलेला आकडा घेऊ नये, तो इथे लागू नाही.

जिल्ह्यातल्या कॉलेजांना माझी विनंती आहे की यंदा जर्नलमध्ये तापमान आणि हवेचा दाब असे दोन रकाने वाढवावेत, आणि वाचन पेनानेच लिहायला लावावे.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक