नमुन्यासोबत माप आणि चामड्याची जातही छापा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सणासुदीच्या पुरवण्यांतून हस्तकलेचे नमुने छापून येतात. पैठणीवरचा मोर, वारली नाच, ठिपक्यांची रांगोळी असे ते असतात आणि खाली बहुधा एक ओळ असते: कागद, कापड, लाकूड, चामडे, कशावरही उतरवा. कागदाकापडाला ही ओळ चालून जाते, चामड्याला नाही. मुंबईत हौसेने पाकीट, पट्टा, वहीचे कव्हर करणारी मंडळी आता बरीच आहेत. धारावीतून चामडे आणायचे, ठसे मारून नमुना ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी नक्षी फुगून सपाट झालेली पाहून आपल्या हाताला दोष द्यायचा, असे फार होते. हात बहुतेक वेळा ठीक असतो. नमुना आधी ठरतो आणि चामडे नंतर, तिथे सगळे बिघडते.

बाजारातले मऊ, रंगीत चामडे बहुतांशी क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले असते. ते लवचिक असते, दाबले तरी पुन्हा वर येते, त्यामुळे त्यावर ठोकलेली नक्षी टिकत नाही. ठोकणीची नक्षी धरते ते बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या अर्काने कमावलेले चामडे. ते ओले करून दाबले की तंतू दबलेलेच राहतात आणि दाबलेली जागा गडदही होते. ओळखायची रीत सोपी आहे. पॉलिश न केलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. झाडसालीचे चामडे थेंब लगेच पिते आणि तिथे काळवंडते, ओलसर जागेवर नखाची खूण उमटून राहते. क्रोमच्या चामड्याची ताजी कापलेली कड पुष्कळदा निळसर-करडी दिसते, मात्र आरपार रंगवलेले असेल तर कडेवर विसंबू नये.

म्हणून क्रोमचे चामडे वाया गेले असे नाही. त्याला दुसरे नमुने शोभतात: वेणी, कापून चिकटवलेले आकार, भोकांची जाळी. जाळीत दोन भोकांमधले अंतर निदान भोकाच्या व्यासाएवढे हवे. २ मिमीचा पंच (भोक पाडायचे हत्यार) असेल तर मध्ये २ मिमी चामडे राहिलेच पाहिजे, नाहीतर वापरात दोन भोके फाटून एक होतात. मागे दुसऱ्या रंगाचे पातळ अस्तर लावताना सोल्युशन (चिकटवायचा द्रव) भोकांपासून २-३ मिमी दूर थांबवावे. ते भोकातून वर आले तर निघत नाही.

आता जाडी. नक्षी ठोकण्याआधी तिच्या रेघा सुरीने कापून घेतात. ही सुरीची रेघ चामड्याच्या जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मी खोल जाते. १.२ मिमीच्या पाकिटाच्या चामड्यात ती जेमतेम अर्धा मिमी झाली. त्यात पिसांचे तीन थर असलेला मोर बसवला तर थर वेगळे दिसतच नाहीत आणि जोर लावला तर ठोकणी मागून उमटते. असा मोर ३ ते ३.५ मिमीच्या जाड चामड्यावर खुलतो, म्हणजे पट्टा, वहीचे जाड कव्हर, बॅगेचा झाकणपडदा. पाकिटाला मोजक्या रेघा आणि एकच उठाव असलेला नमुना घ्यावा. ०.७-०.९ मिमीच्या शेळीच्या चामड्यावर तर सुरी लावूच नये. शांतिनिकेतनच्या चामडी वस्तूंवर ठशाने दाबून उठवलेली उथळ नक्षी आणि हाताने भरलेले रंग दिसतात, पातळ चामड्याला तीच वाट योग्य आहे.

पाकिटाचा बाहेरचा तुकडा उघडा ठेवल्यावर साधारण २२० × ९५ मिमी भरतो. कडेपासून ३-४ मिमीवर शिवण येते, म्हणून नक्षी कडेपासून ७ मिमी आत थांबवावी. मध्ये घडीसाठी १२ मिमी कोरे सोडावे. घडीवर कापलेली रेघ रोज उघडझाक होऊन तडकतेच. एवढे वजा केले की एका बाजूला नक्षीला सुमारे ९५ × ८० मिमी जागा उरते. नमुना या चौकटीत बसवून पाहावा, पूर्ण पाकिटाच्या मापात नव्हे. शिवाय ओले चामडे ठोकताना पसरते. मापाला बरोबर कापलेला तुकडा नंतर २-३ मिमी वाढून आतल्या कप्प्यांशी जुळत नाही. चारी बाजूंनी ६ मिमी जास्त ठेवून कापावा, मागे रुंद पॅकिंग टेप लावावी, नक्षी वाळल्यावर रापीने (चामडे कापायच्या हत्याराने) अंतिम माप कापावे.

पट्ट्याचा हिशेब मात्र कागदावरच करावा लागतो आणि तो कोणी करत नाही. कंबर ८६ सेंमी असेल तर बकलाच्या घडीपासून मधले भोक ८६ सेंमीवर येते. पाच भोके २५ मिमी अंतराने पाडली तर पहिले भोक ८१ सेंमीवर. बकलाकडचे पहिले ९ सेंमी घडी, बटणे आणि लूप यांत जातात आणि पहिल्या भोकाआधी ४ सेंमी कोरे हवे. नक्षीला उरले ९ ते ७७, म्हणजे ६८ सेंमी. आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा एक नमुना (समजा एक पक्षी), ४० मिमीचे असेल तर बरोबर १७ बसतात. ४२ मिमीचे घेतले तर सोळा पूर्ण आणि सतरावा पक्षी चोचीपाशीच कापला जातो. तेव्हा ते ४२.५ करावे, सोळात काम संपते. सगळ्या खुणा आधी कंपासने करून घ्याव्यात, ठोकत ठोकत पुढे मोजू नये. ३५ मिमी रुंदीच्या पट्ट्यावर दोन्ही कडांना ५ मिमी सोडले की २५ मिमी राहतात. एवढ्यात पैठणीची नारळी किनार छान बसते. बांगडी मोराला, म्हणजे बांगडीसारख्या गोलातल्या मोराला, ही जागा अपुरी आहे.

रांगोळीचा नमुना आम्हाला स्वतःला सर्वांत आवडतो. २५ मिमीत ५ मिमी अंतराने पाच ठिपके येतात आणि ठिपका गोल ठशाने एका ठोक्यात होतो. पण रांगोळीच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि चामड्यात दोन काप छेदले की फुलीवरचा कण उचकटतो. एक रेघ अखंड ठेवावी, दुसरी तिच्या अलीकडे केसभर थांबवून पलीकडून पुन्हा सुरू करावी. रेघांमध्ये अडकलेले बेट ३ मिमीपेक्षा लहान ठेवू नये. वारली आकृत्यांचे हातपाय एका रेघेचे असतात. त्यांच्या दोन्ही बाजू दाबून उठाव द्यायला गेले की हातच नाहीसा होतो. शिवाय वारलीचा जीव गेरूवरच्या पांढऱ्या रंगात आहे आणि चामड्याचा मूळ रंग पांढरा नसतो. तिथे ठोकणी सोडून गेरूच्या छटेत रंगवावे आणि वर पांढऱ्या अॅक्रिलिकने चित्र काढावे.

देवनागरी अक्षरांना तर वेगळा विचार लागतो. १२ मिमीपेक्षा लहान अक्षर कोरले की क, श्र, क्ष यांच्या पोटातली जागा बुजते. शिरोरेषा संपूर्ण शब्दावर एका ओढीत कापावी, अक्षरागणिक तोडली तर ती करवतीसारखी दिसते. अनुस्वार सुरीने काढू नये, गोल ठसा मारावा. पट्ट्यावर आणि पाकिटावर शिवरायांची राजमुद्रा हवी, अशी मागणी सतत असते. मुद्रेतला श्लोक ३२ अक्षरांचा आहे. ४० मिमीच्या अष्टकोनात एकेक अक्षर ३-४ मिमीचे होते आणि ते हाताने कोरता येत नाही. झिंकचा ब्लॉक करून घ्यावा, खोदकाम निदान १ मिमी खोल हवे, ब्लॉकवर अक्षरे उलटी हवीत, आणि तो ओलसर चामड्यावर दाबयंत्राने दाबावा. आणि हा आमचा आग्रह समजा: मुद्रा वहीच्या कव्हरवर घ्या, मागच्या खिशातल्या पाकिटावर नको. आपण त्यावर बसतो.

मोठा नमुना निवडताना वेळही मोजावा. चामडे स्पंजने भिजवून, रंग जवळपास पूर्ववत होईपर्यंत थांबून, गालाला गार लागेल अशा अवस्थेत ठोकायचे असते. फार ओले असेल तर रेघा मिटतात, कोरडे असेल तर ठसा उथळ आणि फिकट उठतो. काम एका बैठकीत संपणार नसेल तर तुकडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा. मुंबईच्या पावसाळ्यात तो बाहेर राहिला तर बुरशी धरते. ओल्या चामड्याला उघडे लोखंड लागू देऊ नये, झाडसालीतल्या टॅनिनशी लोखंडाची क्रिया होऊन निळे-काळे डाग पडतात. लगेच लिंबाचा रस चोळून पाण्याने पुसले तर ते बरेचसे जातात. रेखांकनाला कार्बन पेपर आणि बॉलपेनही नको, त्यांची खूण राहतेच. पारदर्शक फिल्म आणि बोथट टोकाची सळई पुरे.

रोज लोकलने जाणाऱ्याच्या बॅगेवर खूप उंच उठाव घेऊ नये. गर्दीत घासून वरचे टोक आधी चकचकीत, मग गुळगुळीत होते. पार्श्वभूमीला बारीक खडबडीत ठसे दाट मारले असतील तर पावसाळ्यात बुरशी आणि धूळ तिथेच साठते, ती मऊ ब्रशने काढून बॅग सावलीत वाळवावी लागते. अंगाकडची बाजू कोरीच बरी, घामाने ती काळी पडते.

तेव्हा संपादक महोदय, विनंती एवढीच आहे. पुरवणीत चामड्यासाठी नमुना देताना त्याखाली चामड्याची जात, कमीत कमी जाडी आणि नमुन्याचे लहानात लहान माप छापावे. पट्ट्याच्या नमुन्याला आवर्तनाची लांबीही द्यावी. आणि नमुन्याशेजारी ५० मिमीची एक सरळ रेघ छापावी. वाचक पानाचा फोटो काढून दुकानातून प्रिंट काढतात, त्यात आकार बदलतो. रेघेला पट्टी लावली की प्रिंट किती लहान किंवा मोठी झाली ते चामडे कापण्याआधीच कळेल.

आपले,
चर्मकाम करणारे व शिकवणारे दोन कारागीर
मुंबई